चाकातला च

"अटकेपार झेंडे लावणाऱ्या मराठ्यांची जीभ कुठल्याही नावापुढे अडायची नाही!" सरदार आप्पासाहेबांनी भर सदरेत गर्जना केली. समोर त्यांच्या पदरी असलेला हंगेरी देशाचा गोलंदाज इश्त्वान उभा होता. आप्पासाहेब त्याला पहिल्या दिवसापासून विस्तवसाहेब म्हणत.

साहेबाने नवी तोफ ओतली होती. नव्या तोफेवर नाव कोरायचं, पूजा करायची, धन्याने त्या नावाचा जयजयकार करायचा आणि मग बत्ती द्यायची, असा आप्पासाहेबांच्या घराण्याचा रिवाज. या तोफेला आपल्या राजाचं नाव हवं आणि ते बिनचूक हवं, नाहीतर आपण निघालो निजामाकडे, असं साहेबाने बजावलं होतं. त्या राजाने म्हणे परक्या बादशहाशी दावा मांडला होता. आप्पासाहेबांना माणूस आवडला. काम आलं कारकून दीनानाथपंतांवर.

"पंत, नाव चुकलं आणि साहेब गेला, तर तुम्ही सिंहगडावर. कायमचे."

"राकोत्सी," साहेबाने सांगितलं.

पंतांनी लिहिलं : राक्षसी.

"तोफेला शोभतं हो," सोनबा तांबट म्हणाला. कोरायचं त्यालाच होतं. साहेबाने अर्थ विचारला. पंत प्रामाणिक पडले. साहेबाने टोपी उचलली.

पंतांनी त्याला दारातून ओढून परत आणलं. "पुन्हा म्हणा. सावकाश."

"राको... त्सी."

"अरे, हा तर आपला चाकातला च! साहेब, चाक म्हणा."

"चाक."

"तोच! सोनबा, लाव छिन्नी."

"उत्सवातला त्स घातला तर?"

"एका आवाजाला दोन अक्षरं? पुण्यात?"

सोनबाने निमूटपणे कोरलं : राकोची.

मुठेपलीकडच्या माळावर तोफ सजली. पूजा झाली. जोशीबुवा पाण्यात सोडलेल्या, बुडाला भोक असलेल्या वाटीवर नजर लावून बसले. ती बुडाली की मुहूर्त संपला. आप्पासाहेब तोफेजवळ गेले, त्यांनी नाव वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्यांच्या मिशा थरथरल्या.

"राकोची? हा राको कोण? तांबं माझं, कथील माझं, आणि तोफ राकोची?"

"सरकार, ती षष्ठी नव्हे. तो चाकातला च आहे."

"मग मला चिंचेतला का दिसतो?"

चाकातल्या च ला वेलांटी दिली की त्याचा चिंचेतला होतो, हे जन्मभर मराठी बोलणाऱ्या पंतांना त्या क्षणी उमगलं.

साहेबाने हाताची घडी घातली. "राजाचं नाव बरोबर नाही. बत्ती नाही. घोडा तयार आहे."

"पंत," आप्पासाहेब फार शांतपणे म्हणाले, "गडावर थंडी असते. घोंगडी घ्या."

"वाटी निम्मी भरली," जोशीबुवांनी सुनावलं.

"सोनबा, खोड ते!"

"धातूवरलं खोडू कशानं? वाढवायचं असलं तर सांगा."

पंतांच्या कपाळावरचा घाम नाकावर आला. "मग च खाली टिंब मार! फारसीत मारतात. टिंब दिसलं की जीभ दातांना लावायची. सरकार, एवढी मेहेरबानी करा."

ठण, ठण, ठण. टिंब पडलं.

"वाटी काठाशी आली हो!"

आप्पासाहेबांनी जीभ दातांना लावली. अख्ख्या तोफखान्याने श्वास रोखला. पंतांनी डोळे मिटून गणपतीला एकवीस मोदक कबूल केले.

"राको..."

कुणीतरी खोकलं. त्याला शेजाऱ्याने कोपर मारलं.

"...त्सी!"

समोरच्या जोशीबुवांनी उपरण्याने तोंड पुसलं. सारा माळ गरजला, "राकोत्सी महाराज की जय!" नाव एकाचंही चुकलं नाही. साहेबाचे डोळे पाणावले. त्याने बत्ती घेतली, तोफेच्या कानाशी नेली, आणि थांबला.

"आता काय?" पंतांनी विचारलं.

साहेब अदबीने लवला. "सरकार, फार सुंदर म्हणालात. पण हे आडनाव झालं. आमच्याकडे आडनाव आधी येतं. आता पुढे नाव तेवढं कोरून द्या. छोटंसंच आहे. फेरेन्त्स."