लाइनीवरचा अंगठा

सरांना त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एक शब्द पोचता करायचा होता. शब्द होता ‘लाइन’.

जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या सरांना एका कोशमंडळाने काम दिलं होतं. इंग्रजी नामं आपल्या लोकांच्या तोंडी काय काय होऊन बसतात, ते जमवायचं. आधीचा शब्द होता ‘टेबल’. तो परत आला, वर शेरा घेऊन: ‘उदाहरणे पुस्तकी. माणसे असे बोलतात का?’ दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल शेरे मारण्यात हयात गेलेल्या माणसाला हे फार लागलं. पुन्हा नापास झालो तर बायकोला तोंड कसं दाखवायचं, या काळजीने सर सकाळपासून टेबलाशी बसले होते. रांग, रेघ आणि कपडे वाळत घालायची दोरी, इथे गाडी अडली होती.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सरांच्या बायकोची, म्हणजे बाईंची हाक आली, “अहो, धावा! बेसिनखालचा पाइप फुटला!”

“पाण्याची लाइन!” सर आनंदाने ओरडले. “चौथा अर्थ!”

प्लंबर लगेच आला. माणूस कामाचा पक्का, पण त्याला एक खोड होती. दोन्ही हात हलवल्याशिवाय त्याला बोलता येत नसे. हात बांधून ठेवले असते तर बिचारा मुका झाला असता.

“गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करा,” हात हलवून तो म्हणाला. मग पाइपच्या भोकावर अंगठा दाबून गप्प बसला.

गच्चीची किल्ली खालच्या मजल्यावरच्या सेक्रेटरींकडे. बाई धावत खाली गेल्या आणि हात हलवत वर आल्या. “फोनवर आहेत. बोलणं संपलं की आणतो म्हणाले.” त्यांनी पोछा हातात घेतला. “आणि तुम्ही ह्या प्लंबरशी बोलू नका हं!”

सर स्टूल ओढून गप्प बसले. पण समोर जिवंत माणूस असताना किती वेळ गप्प बसणार?

“तुम्ही या लाइनीत कधीपासून?”

“वडिलांपासून!” प्लंबरचे दोन्ही हात वर गेले आणि पाण्याची पिचकारी सरांच्या चष्म्यावर आली. “धाकट्यालाही म्हटलं ये, तर तो गेला सिनेमाच्या लाइनला!” दुसरी पिचकारी गॅसवर. मग अंगठा जागेवर गेला.

“‘लाइनीत’ आणि ‘लाइनला’!” सरांना पाण्याचं भान राहिलं नाही. “फरक काय हो?”

“अहो, पुरे!” बाई कळवळून म्हणाल्या.

“फरक असा,” प्लंबर सरसावून बसला. “आपण असतो ती लाइनीत. घरच्यांचं न ऐकता जातो ती लाइनला.” एवढं समजावेपर्यंत पाणी बाहेरच्या खोलीत पोचलं होतं. सर ते ओलांडून टेबलाकडे गेले, वाक्य टिपलं, पाकळीसारखा कागद जपून ठेवला आणि पुन्हा स्टुलावर आले.

थोड्याच वेळात सेक्रेटरी वर आले. डोकं ओलं, फोन कानाला, हातात किल्ली नाही.

“माझ्या छतातून धार लागलीय, धार!”

“फोनवर आत्ता काय म्हणालात?” सरांनी उत्सुकतेने विचारलं. “लाइन कट झाली, की लाइन तुटली?”

सेक्रेटरींनी फोन कानावरून खाली घेतला. “सर, तुमची लाइनच वेगळी आहे!”

“वा!” सर म्हणाले. “हा कुठल्याच पुस्तकात नाही.”

शेवटी बाईच खाली गेल्या, किल्ली शोधली, गच्चीवर जाऊन व्हॉल्व्ह बंद केला. परत आल्या तेव्हा घर शांत होतं. टेबलावरचे कागद वाऱ्याने उडून पोछा पिळायच्या बादलीत पडले होते, कारण घाईत बादली टेबलाशीच ठेवली गेली होती. शाईचा निळा चहा झाला होता. सर खुर्चीत बसले होते, त्यांचा चेहरा नापास झालेल्या मुलासारखा दिसत होता. बाईंना एकदम वाईट वाटलं.

“फोन लावा त्या मंडळाला,” पोछा पिळत त्या म्हणाल्या.

“काय सांगू? सगळं गेलं.”

“तुमचं गेलं. मला प्रत्येक अर्थ पिळून काढावा लागलाय.”

आणि त्यांनी फोनवर घडाघडा सगळं सांगितलं. ‘लाइनीत’ म्हणताना चष्मा, ‘लाइनला’ म्हणताना गॅस, ‘तुमची लाइनच वेगळी’ म्हणताना सेक्रेटरींचं डोकं, असं त्यांच्या सगळं लक्षात होतं. पलीकडून हसण्याचा आवाज येत राहिला. मग निरोप आला: उदाहरणं फार जिवंत आहेत, पसंत. पुढचा शब्द मात्र बाईंनीच करावा. शब्द, ‘पॉइंट’.

“मला कसला वेळ!” बाई म्हणाल्या. ‘लाइन’ पास झाल्याचा सरांना आनंद झाला, आणि पुढचा शब्द हातून गेल्याचं थोडं टोचलंही.

दुसऱ्या दिवशी प्लंबर नवा पाइप घेऊन आला. जोड तपासायला गच्चीवरचा व्हॉल्व्ह उघडला, तर एका जागी बारीक धार लागली. त्याने झटकन अंगठा दाबला आणि सर पोछा घेऊन सज्ज राहिले. मागे काहीतरी घासत आल्याचा आवाज झाला. सरांनी वळून पाहिलं. बाई स्टूल ओढत येत होत्या.

“अगं, आत्ता नको! हात जोडतो!”

“एकच विचारते,” बाई स्टुलावर बसत म्हणाल्या. “काय हो, तुमच्या कामात पॉइंट कशाला म्हणतात?”

“पॉइंट?” प्लंबरचा चेहरा खुलला, आणि त्याने दोन्ही हात वर केले.