सोमवारी रात्री अकरा

माझी बायको मंगळवारी पहाटे साडेचार वाजता गेली. दाखल्यावर सोमवार, रात्री अकरा असं आलं. म्हणून मी नोंदणी कार्यालयात गेलो.

"बरोबर आहे काका," कारकून म्हणाला. "नवीन यंत्रणेत सगळ्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेत होतात. आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे."

"पण तसं लिहिलंय कुठे?"

"आधी वेळेपुढे झेड छापायचो. झेड म्हणजे जागतिक वेळ. लोक रोज विचारायचे, हे काय? फार तक्रारी आल्या, म्हणून झेड काढला."

"आणि वेळ?"

"वेळेबद्दल कुणाची तक्रार नव्हती."

"मग आता दुरुस्त करा."

"चूक असली तर दुरुस्ती होते, काका. ही चूक नाही."

मी सांगितलं, त्या रात्री मी तिच्या उशाशी होतो. पहाटे चारला ती म्हणाली, "अहो, दाढी तरी करा. माणसं येतील." सोमवारीच गेली असेल, तर हे कोण बोललं? कारकुनानं संगणकात शोधलं. मयताच्या बोलण्याला रकाना नव्हता.

प्रकरण साहेबांकडे गेलं. त्यांनी रुग्णालयाची वही मागवली. ती हातानं लिहिलेली, भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे. त्यात मध्यरात्रीनंतर दोनला नर्सबाईंनी इंजेक्शन दिल्याची नोंद निघाली. साहेब गंभीर झाले. मृत्यूनंतर तीन तासांनी इंजेक्शन! औषधाच्या गैरवापराबद्दल नर्सबाईंना नोटीस काढावी लागणार.

"अहो साहेब, ती बिचारी रात्रभर हिचा हात धरून बसली होती!"

"मयताचा?" साहेबांनी तेही लिहून घेतलं.

आता एकच वाट उरली. मी लिहून द्यायचं, की सोमवारी अकरानंतर काही घडलं नाही. इंजेक्शन नाही, बोलणं नाही. दुःखाच्या भरात माझा तसा समज झाला. मग वही चुकीची ठरते आणि नर्सबाई सुटतात.

मी पेन हातात धरून उभा राहिलो. मागून रांगेतलं कुणीतरी ओरडलं, "आजोबा, उरका की! एका रात्रीनं काय फरक पडतो?"

मी सही केली. कोण ओरडलं ते वळून पाहिलं नाही. तुमच्यातलंच कुणीतरी असेल. दाखला हातात पडला की तारीख न वाचता घडी घालून खिशात ठेवणारं.