झांबियाची रंगीत तालीम

"माझ्या हाताखालून गेलेल्या पोरी जगाच्या पाठीवर कुठंही सोडा, जशा गेल्या तशा धडधाकट परत येतील!" असं म्हणून डॉक्टर आकाराम लोखंडे यांनी स्टाफरूममधल्या टेबलावर अशी थाप मारली, की सगळ्यांचा चहा बशीत आला. सर स्वतः गोव्याच्या पलीकडं कधी गेले नव्हते, ही गोष्ट वेगळी!

साल होतं शहाण्णव. सांगलीतल्या त्या मेडिकल कॉलेजातून पहिल्यांदाच दोन मुली सहा आठवडे झांबियातल्या एका खेड्यातल्या दवाखान्यात काम करायला जाणार होत्या. दीक्षा आणि पिंकी. जायचं तर जोडीनंच, हा सरांचाच नियम. आणि घोडं नेमकं तिथंच पेंड खात होतं! दीक्षाचे वडील धोंडिराम, साताऱ्याच्या एमआयडीसीत फिटर. त्यांनी तोंडावर सांगितलं, "सर, पोरीला आमी लय जपून शिकिवलीया. तिथं ती सुखरूप ऱ्हाईल ह्ये माज्या डोळ्यानं बगू द्या. न्हाईतर मी न्हाई सोडायचा."

म्हणजे दीक्षा नाही तर पिंकी नाही, आणि पिंकी नाही तर सरांची स्टाफरूममध्ये जन्माची टिंगल.

"डोळ्यांनीच दाखवतो की!" सर म्हणाले. "रंगीत तालीम घेऊ!"

तालमीसाठी माणदेशातली एक धनगरवाडी ठरली. ऊन कडक, माणसं अनोळखी, एसटी दिवसातून एकदा. आणखी काय पाहिजे? "सर, वाडीतल्या लोकांना आधी कळवू या का?" पिंकीनं भीत भीत विचारलं. "कळवलं तर ती तालीम कसली?" सरांनी तिला उडवून लावलं. महिनाभर त्यांनी मुलींकडून सगळं घोकून घेतलं होतं. पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही. परवानगीशिवाय पेशंटला हात लावायचा नाही. आणि कुणी परका 'घरी पेशंट आहे, चल' म्हणाला, तर जाग्यावरनं हलायचं नाही, सरळ शिट्टी फुंकायची. तो परका कोण होणार? अहो, सर असताना दुसरा कोण!

मुली आणि धोंडिराम एसटीतून उतरून देवळापाशी थांबले. सर पुढं जाऊन, डोक्यावरनं घोंगडं आणि डोळ्यांवर काळा चष्मा अशा थाटात मेंढरांच्या कुंपणाआड दबा धरून बसले. शेण गोळा करणाऱ्या धोंडुबाईनं ते ध्यान बघितलं.

"कोन हाय रं त्यो?"

"शूऽऽ! ओरडू नका आजी. दोन मुली येणार आहेत. त्यांनाच अडवायला बसलोय."

"आन् ते कशापायी?"

"झांबियाच्या आधी एकदा बघायचंय, मदतीला हाका मारतात का!"

म्हातारीच्या हातातली पाटी गळून पडली. झांबिया नावाचा देश तिनं बापजन्मात ऐकला नव्हता. पण जंबिया? तो तिच्या आज्याच्या कंबरेला लटकलेला तिनं लहानपणी बघितला होता, चांगला धारदार! ती तशीच मागल्या पावली वाडीत पळाली आणि लेकाला बघून बोंबलली, "आरं बिरदेवा! जंबियावाला आलाय! पोरी धरतुया! आदी वरडत्यात का बगनार, मग जंबिया म्हनं!"

बिरदेवनं काठ्यांसकट माणसं गोळा केली आणि कुत्री घेऊन सगळे जवळच्या एका पडक्या भिंतीमागं दडले.

इकडं मुली आल्या, मागं धोंडिराम. सर घोंगडं सावरत आडवे आले आणि जाडा आवाज काढून म्हणाले, "मेरे घर पेशंट है! चलो!"

"आम्ही येणार नाही," दीक्षा जागच्या जागी उभी राहिली.

"अरे चलो!" तालमीला जरा रंग चढावा म्हणून सरांनी तिच्या बॅगेला हात घातला. दीक्षानं छाती भरून शिट्टी फुंकली.

आता धनगराच्या वाडीत शिट्टी कशासाठी मारतात, हे सरांनी कुणाला विचारलं असतं तर बरं झालं असतं. कुत्र्यांना बोलवायला! चार कुत्री उसळली, मागून काठ्या आल्या, "हाण जंबियावाल्याला!" अशी आरोळी उठली. घोंगडं एकीकडं, चष्मा दुसरीकडं, आणि सर बाभळीवर! म्हणजे अर्धे बाभळीवर. उरलेले अर्धे एका काळ्या कुत्र्याच्या ताब्यात होते.

पिंकी किंचाळली. पण दीक्षा धावली आणि काठ्यांच्या समोर हात पसरून उभी राहिली. "थांबा! आवं, आमचं सर हायती त्ये! कुत्री मागं घ्या आदी!"

बिरदेवनं लांब शिट्टी मारली. कुत्री मागं फिरली. काळ्यानं येताना सरांच्या पँटीचा मागचा तुकडा बरोबर आणला.

सर खाली उतरले आणि दोन्ही हात मागं धरून पांढरेफटक उभे राहिले. कुत्रं चावलं असेल तर पोटात चौदा इंजेक्शनं, हे त्यांनीच वर्षानुवर्षं शिकवलं होतं!

"सर, दात लागला का? लागला असेल तर लगेच साबणानं धुवायला हवं," दीक्षा म्हणाली. "बघू का? परवानगी आहे?"

"नाही! अजिबात नाही!"

"मग मला हात लावता येत नाही. बाबा, तुम्ही बघता का?"

धोंडिरामांनी सरांना पडक्या भिंतीमागं नेलं. सगळी वाडी श्वास रोखून उभी. धोंडुबाई तर देवाचं नाव घेत होती. आणि भिंतीमागून फिटरचा खणखणीत आवाज आला,

"कातडं शाबूत हाय! चड्डी त्येवडी गेली!"

वाडीनं सुटकेचा असा काही निःश्वास टाकला, की मेंढरंसुद्धा दचकली. "पुन्हा एकदा नीट बघा हो," सरांचा रडवेला आवाज. "आवं दोनदा बगितलं सर! निवांत ऱ्हावा!"

धोंडुबाईनं ओशाळून सगळ्यांना चहा केला. सर कंबरेला घोंगडं गुंडाळून बसले. हळूहळू त्यांच्या जिवात जीव आला. "दीक्षा, तू मला ओळखलं नाहीस?"

"आवाजावरनंच ओळखलं, सर. पण तुम्हीच म्हणाला होता, नियम म्हणजे नियम!"

धोंडिरामांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. "जा बाळा. कुटं बी जा. आज काठ्या आन् कुत्री आंगावर आली, तवा तू हुबी ऱ्हायलीस. माजा घोर मिटला."

"म्हणजे तालीम यशस्वी!" सर टेचात म्हणाले. तेवढ्यात धोंडिराम त्यांच्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले,

"सर, योक इचारू? तुमी न्हाई न्हवं जायाचं पोरींच्या संगं?"

"नाही, मी इथंच."

"नक्की न्हवं?"

"नक्की हो!"

"मग लय झ्याक झालं," धोंडिराम बशीत चहा ओतत म्हणाले, "त्येवडीच योक धाकधूक हुती!"