थोरलीची अपात्रता

कुटुंबातली प्रत्येक व्यक्ती कोणावर तरी अवलंबून असते. मात्र नेमकी कोणावर, हे ठरवण्याचा अधिकार तिला नसून सरकारला असतो. हे तत्त्व इतकं उदात्त आहे, की ते समजून घ्यायला लाँड्रीवाल्यांना मेहुण्याची मदत घ्यावी लागली.

मेहुणा परदेशात स्थायिक होता आणि त्याने बहिणीच्या सबंध कुटुंबासाठी अर्ज केला होता. अर्ज मार्गी लागेपर्यंत लाँड्रीवाल्यांचे केस गेले आणि थोरली मुलगी कॉलेजात गेली. नियमाप्रमाणे मुलं सोबत नेता येत होती, फक्त ती आश्रित असायला हवी होती. आश्रित म्हणजे अविवाहित, न कमावणारी आणि आईवडिलांवाचून ज्यांचं पान हलत नाही अशी. धाकटा या कसोटीला सहज उतरला. (त्याच्या बुटाची नाडी अजून आई बांधायची.) घोडं अडलं थोरलीपाशी.

कॉलेज सांभाळून लाँड्री तीच चालवत होती. कुठला डाग कशाने जातो, कोणाचा कोट कुठल्या खुंटीला आहे, कोणाला आजच हवाय आणि कोण नुसताच घाई करतोय, सगळं तिच्या डोक्यात. लाँड्रीवाले गल्ल्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हात करत. हेही काम कोणीतरी करावंच लागतं.

"हे तिकडे कळलं तर पोरीचं नाव कापतील," मेहुण्याने फोनवर बजावलं. "दाजी, तिला जरा बिनकामाची करा."

मग थोरलीला परावलंबी करण्याची शास्त्रशुद्ध मोहीम हाती घेण्यात आली. तिला दुकानाची पायरी चढायला बंदी झाली. कोणी काहीही विचारलं तरी "बाबांना विचारा" एवढंच म्हणायचं ठरलं. प्रगती समाधानकारक होती. शंभरातल्या नव्वद प्रश्नांना ती अचूक अज्ञान दाखवू लागली. (उरलेले दहा लाँड्रीवाल्यांनीच दुकानातून फोन करून विचारले होते.) याच काळात एक नवरदेव दुसऱ्या नवरदेवाच्या कोटात लग्नाला उभा राहिला.

"बाबा, मला जे येतं ते येत नाही असं अजून किती दिवस म्हणायचं?" एकदा तिने विचारलं. तिचे डोळे भरून आले होते.

"व्हिसा मिळेपर्यंत गं. तुला मागे ठेवून मी एक पाऊल टाकणार नाही." हे ते मनापासून बोलले.

मुलाखतीत काचेपलीकडच्या अधिकारीबाईंनी लाँड्रीवाल्यांना थोरलीची जन्मतारीख विचारली. लाँड्रीवाल्यांनी सवयीने थोरलीकडे बघितलं.

"बाबांना विचारा," थोरली म्हणाली.

ती काय शिकते? पुन्हा मान वळली. "बाबांना विचारा." घरभाडं किती? बायकोचं ऑपरेशन कधी झालं? सराव उत्तम झाला होता.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ही मुलगी तुमचीच आहे ना?"

लाँड्रीवाल्यांना दरदरून घाम फुटला. एवढं एक उत्तर त्यांना येत होतं. तरीही त्यांनी थोरलीकडेच बघितलं.

बापाचा तो चेहरा तिला बघवेना. स्वतःची जन्मतारीख, आईचं ऑपरेशन, धाकट्याची शाळा, घरभाडं, मामाचा पत्ता आणि बाबांची रक्तदाबाची गोळी (पांढरी, नाश्त्यानंतर) तिने एका दमात सांगून टाकली.

निकाल अत्यंत न्याय्य लागला. नातं निर्विवाद सिद्ध झालं, आणि थोरली कोणावरही अवलंबून नसल्याचंही. आईवडील आणि धाकटा पात्र, थोरली अपात्र.

एक पाऊल न टाकण्यावर लाँड्रीवाले आठवडाभर ठाम राहिले. मग थोरलीलाच म्हणाले, "आता काय करू गं?" तिने तिघांची तिकिटं काढली.

आता ते तिकडून रोज फोन करतात. "अगं, इथे कचरा कुठल्या रंगाच्या डब्यात टाकायचा?" थोरली गिऱ्हाईक थांबवून तिकडच्या नगरपालिकेचे नियम वाचते आणि सांगते. तिकडचं सरकारही समाधानी आहे: अपात्र व्यक्ती देशाबाहेर राहते आणि तिचं काम देशात चालू राहतं.

लाँड्रीवाले मात्र भेटेल त्याला सांगतात, "सगळं मुलांसाठी केलं हो!" त्यांना हसू नका. तुम्हीही आजवर जे केलंत ते मुलांसाठीच केलंत. त्यातलं त्यांना नेमकं काय हवं होतं, ते एकदा फोन करून विचारा. (व्हिडिओ कॉल कसा लावायचा, हेही तीच सांगतील.)