गुंड्याची खाज आणि भाऊसाहेबांचं प्रात्यक्षिक

पोस्टातल्या आमच्या भाऊसाहेबांनी (तिकिटं जिभेने ओली करून लावणारे ते बहुधा शेवटचेच कारकून) त्या शनिवारी एक साधा निर्णय घेतला. डॉक्टरांकडे नेण्याआधी गुंड्याला छान आंघोळ घालायची. चारचौघांत जाताना कुत्रा कसा टापटीप दिसला पाहिजे!

गुंड्याला त्वचेची अ‍ॅलर्जी होती. महिनाभर तो रात्रंदिवस खाजवत होता आणि घरात कुणाचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. "आज इलाज झाला नाही, तर मी गुंड्याला घेऊन सरळ माहेरी जाते," असं बायकोने बजावलं होतं. (भाऊसाहेबांना सोबत नेण्याचा विषयच निघाला नव्हता.)

पण आंघोळीने गारेगार झालेला गुंड्या दवाखान्यातल्या टेबलावर समाधी लागल्यासारखा बसला. ढिम्म हलेना.

"खाजवतो म्हणता, पण कसा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "पाहिल्याशिवाय औषध कसं ठरवू?"

भाऊसाहेबांनी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. त्यात त्यांचा अंगठा फारच सुरेख आला होता.

"अहो, मग करून दाखवा ना!" बायको कडाडली.

माहेरची धमकी आठवून भाऊसाहेब फरशीवर ओणवे झाले. उजवा पाय त्यांनी कानाकडे नेला. कान काही हाती लागला नाही, कमरेत मात्र सणसणीत कळ आली आणि पाय हवेतच अडकला.

"पंजे चाटतो?"

"चाटतो की! दाखवा हो."

भाऊसाहेबांनी मनगटापासून बोटांपर्यंत जीभ फिरवली. रोजच्या सवयीचं काम, झकास जमलं. नेमके तेव्हाच मांजराची टोपली घेऊन त्यांचे पोस्टमास्तर आत आले.

"बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी यांची खाज बघू दे."

साहेब बसले नाहीत. टोपलीसकट आल्या पावली परत गेले.

डॉक्टरीणबाईंनी गुंड्याला इंजेक्शन दिलं. "ही अँटीबॉडी. खाजेचा निरोप मेंदूकडे निघाला, की वाटेतच अडवते."

"म्हणजे यांच्या पोस्टासारखंच," बायको म्हणाली.

सोमवारी गुंड्या ढाराढूर घोरत होता. बायको माहेरी गेली नव्हती. कमरेला पट्टा बांधून पालथे पडलेले भाऊसाहेब भलतेच खूश होते. तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"खाज कशी आहे?"

"एकदम थांबली, साहेब! एका इंजेक्शनात!"

"छान. पूर्ण बरं वाटलं, की मगच या. रजेची काळजी नको."

एवढी आपुलकी! भाऊसाहेबांना अगदी भरून आलं.

"आणि हो," साहेब जरा अडखळले, "यापुढे तिकिटं तेवढी पाण्याने लावत जा. लोकांच्या घरोघरी जातात ती."