मयत माणसाची चोख हजेरी

कार्डसाहेबांनी कात्री उचलली आणि परत टेबलावर ठेवली, एवढंच झालं होतं. पुढचं सगळं रामायण त्यातून निघालं.

कार्डसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ऑफिसच्या सगळ्या दारांना कार्डाची कुलुपं बसली आणि त्यांचा कारभार या जुन्या कारकुनाकडे आला, तेव्हापासून लोक त्यांना तसं म्हणू लागले. (त्यांना ते मानाचं वाटायचं. माणूस भोळाच.) नियमही त्यांनीच लिहिलेले. कार्डाशिवाय आत यायचं नाही, बाहेरही जायचं नाही. एकदा झालेली नोंद कुणालाही पुसता येणार नाही, खुद्द कार्डसाहेबांनाही नाही. सलग दहा दिवस गैरहजर राहिलात तर घरी मेसेज. आणि कार्ड हरवलंत तर पंधरा दिवस नाव फाटकावरच्या फळ्यावर, 'निष्काळजी' या मथळ्याखाली. टायपिस्ट बाईंचं नाव लागलं तेव्हा त्या रडल्या होत्या. कार्डसाहेबांनी मथळा आणखी ठळक करून घेतला.

कर्मचारी वारला तर त्याचं कार्ड कापून फाइलला लावायचं आणि कॉम्प्युटरवर बंद करायचं, हाही त्यांचाच नियम. पण वारला तो भांडाराचा स्टोअरकीपर. वीस वर्षं दोघांनी समोरासमोर बसून डबा खाल्लेला. एका सकाळी आंघोळीला गेला तो परत आलाच नाही. त्याच्या मुलीने कार्ड आणून दिलं. कार्डावर तो हसत होता. तो फोटो कार्डसाहेबांनीच काढला होता आणि 'हसायचं नाही' असं बजावलंही होतं. आता त्या तोंडावरून कात्री चालवायची कशी? उद्या बघू, म्हणून त्यांनी कार्ड खणात टाकलं; कॉम्प्युटरवरही ते चालूच राहिलं, फक्त त्याच्या घरी जाणारा मेसेज तेवढा त्यांनी आठवणीने बंद केला.

तीन आठवडे तो उद्या काही उजाडला नाही. मग एका संध्याकाळी घरी निघताना कार्डसाहेबांना स्वतःचंच कार्ड सापडेना. खिसे उलटे झाले, फायली झटकून झाल्या, टेबलाखाली रांगूनही झालं (गुडघ्याने कुरकुर केली ती वेगळीच). फाटकावरचा फळा डोळ्यांपुढे आला. टायपिस्ट बाईही आल्या, आणि त्या रडत नव्हत्या. शेवटी त्यांनी खण उघडला. आजच्या दिवसापुरतं, ते स्वतःशीच म्हणाले.

दारावरच्या छोट्या पडद्यावर स्टोअरकीपर हसला. खाली अक्षरं आली, 'धन्यवाद, पुन्हा भेटू.' कार्डसाहेब एक पाऊल मागे सरले. पण दार उघडलं होतं, तेव्हा ते गुपचूप बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी आत यायलाही तेच कार्ड लागलं. तिसऱ्या दिवशीही. आपलं कार्ड आज मिळेल, उद्या मिळेल असं करत कामाचे अकरा दिवस गेले. पहारेकऱ्याला पत्ता नाही. यंत्र बसल्यापासून तो माणसांकडे बघतच नव्हता. रोज सकाळी मेलेला मित्र पडद्यावर हसायचा आणि कार्डसाहेब हळूच म्हणायचे, "माफ कर बाबा, आजचा दिवस."

अकराव्या संध्याकाळी बायको मोबाइल घेऊन दारातच उभी होती.

"अहो, तुम्ही दहा दिवस ऑफिसला गेलाच नाहीत म्हणे."

"कोण म्हणतं?"

"तुमचं ऑफिस. मेसेज आलाय. 'आपले पती विनापरवानगी गैरहजर असून त्यांना योग्य ती समज द्यावी.' भाषा तुमचीच आहे, मी ओळखते."

"अगं, रोज जातो की."

"कुठे?"

"ऑफिसात."

"मग ऑफिसला कसं कळत नाही?"

"दुसऱ्याच्या नावाने जातो."

कुणाच्या, ते सांगितल्यावर ती मटकन पायरीवर बसली. "मेलेल्या माणसाच्या? जिवंत माणसं काय कमी होती तिथे?"

मग राग काढायला तिने डब्याची पिशवी हिसकावली आणि जमिनीवर उपडी केली. डबा पडला, चमचा पडला आणि फाटक्या अस्तरातून कार्डसाहेबांचं कार्ड पडलं. अकरा दिवस ते बिचारं त्यांच्याबरोबर रोज ऑफिसला जाऊन येत होतं.

"उद्या तुमच्या वरच्या मॅडमना सगळं सांगून टाका," बायको म्हणाली.

"सांगतो," ते म्हणाले, आणि गप्प राहायचं ठरवून झोपले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच्या कार्डावर ताठ मानेने आत आले. मॅडमच्या केबिनमध्ये स्टोअरकीपरची मुलगी बसली होती. वडिलांच्या जागेसाठी तिने अर्ज केला होता. घरी आई अंथरुणाला खिळलेली, भाऊ शाळेत. अर्ज वर पाठवायचा आजचा शेवटचा दिवस होता. उद्यापासून ती जागा बाहेरच्या कुणाला जाणार, हे कार्डसाहेबांनाही ठाऊक होतं. ते दारातच थबकले.

"बाळ, अर्ज पाठवता येत नाही," मॅडम सांगत होत्या. "जागा रिकामी दिसत नाही."

"पण मी मृत्यूचा दाखला जोडलाय."

"दाखला आहे गं. पण कॉम्प्युटर म्हणतो, तुझे वडील काल सकाळी दहाला दोन मिनिटं कमी असताना आत आले आणि संध्याकाळी सहानंतर गेले. अकरा दिवस रोज. एकदाही उशीर नाही. हे असं कसं, ते मलाही कळत नाही, पण वर काय सांगू?"

मुलगी पडद्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "बाबा इथे येत होते?"

ते खरं असावं असं तिला मनापासून वाटत होतं. कार्डसाहेबांना ते दिसलं आणि जमिनीत गडप व्हावंसं झालं. फळा, मथळा, अब्रू, सगळं आठवलं, आणि तरी पाय आत गेले.

"मी होतो, पोरी," ते म्हणाले. "बाबा नव्हते. मीच होतो."

कात्रीपासून अस्तरापर्यंत त्यांनी सगळं सांगितलं. मुलगी ओंजळीत तोंड लपवून रडली. आयुष्यात एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

मॅडमनी जबाब लिहून सही घेतली आणि अर्ज त्याच दुपारी रवाना केला. मग त्यांनी कार्डसाहेबांची हजेरी उघडली.

"अकरा दिवस गैरहजर," त्या म्हणाल्या.

"पण मॅडम, मी इथेच होतो. माझ्या टेबलावर."

"नोंदीप्रमाणे नव्हतात. आणि नोंद पुसता येत नाही, नाही का?" त्या पडदा खालीवर करत राहिल्या. "मी बघतेय, तुम्ही नाही म्हणून कुणाचं काम अडलं का. एक तक्रार नाही. साधी विचारणा नाही. स्टोअरकीपरचं मात्र वरून कौतुक आलंय, इतका वक्तशीर माणूस कोण म्हणून."

महिन्याभरात मुलगी वडिलांच्या खुर्चीत बसली. कार्डांच्या कामाला वेगळा माणूस लागतच नाही, हे अकरा दिवसांत सिद्ध झालं होतं. ते टेबल मोडीत निघालं आणि कार्डसाहेबांची रवानगी भांडारात झाली, तिच्या हाताखाली. या प्रकारानंतर तिथे हजेरी वहीतही मांडायची पद्धत सुरू झाली होती.

पहिल्या सकाळी ते रॅकमागे खोकी लावत होते. मुलीने वही उघडून त्यांचं नाव घेतलं.

"हजर," रॅकमागून आवाज आला.

तिने पेन टेकवलं नाही.

"तसं नको, काका," ती म्हणाली. "समोर येऊन दाखवा."