कडुलिंबाचा अर्क आणि प्रमुख पाहुणे

एका जंगलात, बाळांनो, कोंबड्यांचं मोठं खुराडं होतं. दाराला आतून कडी होती. त्यामुळे कोंबड्या आत आणि कोल्हा बाहेर, असं सगळं व्यवस्थित चाललं होतं.

मग पांढरी हगवण आली. कोंबड्या वर्षानुवर्षं अँटिबायोटिकच्या गोळ्या टिपत आल्या होत्या. जंतूंना आता त्या गोळ्या पचत होत्या. भुरकी कोंबडीची पिल्लं एकेक करून गेली. शेवटचं उरलं, तेही मान टाकून बसलं.

तेवढ्यात परदेशी शिकून साळुंकी परतली. तिने कडुलिंब, तुळस आणि लसणाचा अर्क काढला. काचेच्या बशीत जंतू वाढवले, वर एक थेंब सोडला. थेंबाभोवतीचे जंतू मेले.

"भुरकीमावशी, हा पाण्यातून पाजा."

"पाल्याचं पाणी?" भुरकी फणकारली. "एवढंच शिकायला समुद्र ओलांडलास होय गं?"

पण पाजलं. चार दिवसांत पिल्लू उठलं आणि आईच्याच शेपटीला टोचू लागलं.

"तुझे उपकार कसे फेडू, पोरी?"

"माझे कसले? काचा, भांडी, चूल, सगळा खर्च कोल्होबांनी केला. कोंबडीच्या अंगात औषध राहू नये, अशी त्यांची फार कळकळ आहे."

भुरकीला भरून आलं. "मग सत्कार नको का करायला?"

"नक्कीच! दाराबाहेर मांडव घालू."

"बाहेर? प्रमुख पाहुण्यांना उंबऱ्यावरून परत पाठवायचं? शिकलीस, पण रीत विसरलीस."

भुरकीने स्वतः कडी काढली. साळुंकीने सूत्रसंचालन केलं. कोल्होबा शाल पांघरून बोलायला उठले.

"भगिनींनो, गेल्या वर्षी मला जुलाब लागले. एक गोळी लागू पडेना. डॉक्टर म्हणाले, तुम्ही खाता त्या कोंबड्यांनी आधीच गोळ्या खाल्ल्यात, म्हणून तुमच्या पोटातले जंतू निर्ढावलेत. त्या दिवसापासून मी निसर्गोपचाराचा पुरस्कर्ता झालो."

कोंबड्यांनी पंख फडफडवले. अर्थ नंतर कळला.

पुष्पगुच्छ द्यायला भुरकीचं पिल्लूच पुढे उभं होतं. आता चांगलं गुटगुटीत झालं होतं.

साळुंकी उडून बाहेरच्या फांदीवर बसली. जंतू तिला पाठ होते. कोल्हा अभ्यासक्रमात नव्हता.

संध्याकाळी पाहुण्यांचा निरोप आला: "अर्क अत्यंत गुणकारी. पोट उत्तम. संशोधन चालू ठेवावे."

तात्पर्य: बाळांनो, तब्येत नैसर्गिक पद्धतीनेच सांभाळावी. आपण कुणाला बाधता कामा नये.